घरबसल्या लेखनाची कमाई : एफआरपी नसलेले पीक



ऊस नोंदीसाठी किंवा सवलतीच्या साखरेसाठी गट कार्यालयात येणारे सभासद अलीकडे उसाखेरीज आणखी एक प्रश्न विचारू लागले आहेत. "पोरगं बी.ए. झालंय, घरीच आहे. मोबाईलवर लेख लिहून महिन्याला वीस-तीस हजार मिळतात म्हणतंय. खरं आहे का हो हे?" कुणाची सून शिकलेली आहे, लहान मूल असल्यामुळे तिला बारामतीला नोकरीला जाता येत नाही. कुणाचा मुलगा स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो आहे आणि त्याला हातखर्च सुटला तर हवा आहे. प्रश्न रास्त आहे, म्हणून त्याचे उत्तर सविस्तर देण्याचे आम्ही ठरविले.

सुरुवातीलाच सांगून टाकतो. लेखनातून इंटरनेटवर पैसे मिळतात, ही थाप नाही. परंतु ते किती आणि केव्हा मिळतील याची हमी कोणी देत नाही. आणि जो कोणी अशी हमी देतो, त्याच्यापासून सावध राहण्यातच शहाणपण आहे.

उसाला कायदा आहे, लेखाला नाही

आपण कारखान्याला ऊस घालतो तेव्हा दर काय मिळणार याचा तळ सरकारने बांधून दिलेला असतो. २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला टनामागे ३,५५० रुपये एफआरपी ठरली. ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावेत, उशीर झाला तर व्याज द्यावे, असे १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. पैसे थकले तर साखर आयुक्तांकडे दाद मागता येते.

लेखनाला यातले काहीही नाही. दर बांधलेला नाही, मुदत नाही, लेख घेतलाच पाहिजे असे बंधनही नाही. म्हणजे हे एफआरपी नसलेले पीक आहे. टोमॅटोसारखे म्हणा ना. बाजार लागला तर लागला, नाही तर बांधावर. टोमॅटो लावणारा शेतकरी सगळे रान त्याच्याखाली घालीत नाही, हे ध्यानात ठेवून पुढचे वाचावे.

पैसे देतो कोण?

लेखणीवर पोट भरणे बारामतीला नवीन नाही. कवी मोरोपंत (१७२९ ते १७९४) बारामतीच्या बाबूजी नाईकांच्या आश्रयाला होते. ते पुराण सांगत, काव्य रचीत, आणि नाईक त्यांचा योगक्षेम चालवीत. पुढे छापखाने आले, मासिके आली, आणि पैसे वर्गणीदार देऊ लागला. कृषी खात्याचे 'शेतकरी' मासिक किंवा २००५ साली सुरू झालेले 'अ‍ॅग्रोवन' दैनिक आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी येते. इंटरनेटवरही हाच प्रश्न आधी विचारावा लागतो, की बाबा, पैसे देणारा कोण? तिथे तीन प्रकारचे लोक पैसे देतात.

पहिला जाहिरातदार. तुम्ही स्वतःचे संकेतस्थळ काढता, त्यावर लेख लिहिता. गूगलसारखी कंपनी त्या लेखांच्या शेजारी जाहिराती लावते आणि आलेल्या पैशातला वाटा तुम्हाला देते. गूगलच्या या योजनेचे नाव अ‍ॅडसेन्स. मराठी मजकुराला ही सोय २०१८ सालापासून मिळाली.

दुसरा वाचक. २०१४ साली सुरू झालेल्या बंगळुरूच्या प्रतिलिपीवर मराठी कथा-कादंबऱ्या लिहिता येतात. वाचकांनी भरलेल्या पैशातून लेखकाला काही हिस्सा मिळतो. तिथे मुख्यतः क्रमशः कथा चालते. आपल्या भगिनींपैकी ज्यांना गोष्ट रंगवून सांगता येते त्यांना हा मार्ग जवळचा आहे.

तिसरा धंदेवाईक माणूस. ठिबकचा विक्रेता, रोपवाटिका, दूध संघ, क्लासवाला, डाळिंबाचा निर्यातदार, भिगवणकडे पक्षी पाहायला येणाऱ्यांची सोय करणारा, या सर्वांना आज मोबाईलवर वाचला जाईल असा मजकूर लागतो. माहितीपत्रक, फोटोखालच्या ओळी, इंग्रजी पत्रकाचे मराठी. हे लोक लेखामागे किंवा महिन्यावर ठरवून पैसे देतात. नवशिक्याने खरे तर इथूनच सुरुवात करावी. गिऱ्हाईक ओळखीचे असते, तोंडासमोर असते, आणि पैसे पुण्या-मुंबईत नव्हे तर बाजारपेठेतल्या दुकानात जाऊन मागता येतात.

जाहिरातीचा हिशोब

पहिल्या प्रकाराचे आकर्षण सगळ्यात मोठे आहे, म्हणून त्याचा हिशोब मांडतो. अ‍ॅडसेन्सची रक्कम खात्यावर १०० डॉलर जमल्याशिवाय हाती येत नाही. आजच्या भावाने हे साधारण ९ हजार रुपये धरा. आता समजा, एक हजार वेळा तुमचे पान उघडले गेले की तुम्हाला ५० रुपये मिळतात. हा आकडा आम्ही केवळ उदाहरणासाठी घेतला आहे, तो विषयानुसार आणि जाहिरातीनुसार वरखाली होतो. या दराने ९ हजार रुपये मिळायला पान १ लाख ८० हजार वेळा उघडले गेले पाहिजे. एका लेखाला महिन्यात ३०० वाचक मिळाले, तर असे किती लेख लागतील? सहाशे! म्हणजे रोज एक लेख लिहिला तरी सुमारे वीस महिन्यांनी एवढा साठा होतो.

आडसाली उसाची लागण जुलै-ऑगस्टला केली तर तोड यायला सोळा-अठरा महिने लागतात. या लेखनाची मुदतही तितकीच, कधी जास्त. फरक एवढाच की आडसालीला शेवटी वजन निघते. इथे वर्षभर लिहून वजनकाट्यावर काहीच न येण्याची शक्यता असते. ज्याला तेवढा दम आहे त्यानेच या वाटेला जावे. आणि "आधी लॅपटॉप घ्या, मग कमाई" म्हणत पतसंस्थेचे कर्ज काढणे तर अजिबात करू नये. पहिली पन्नास पाने घरातल्या मोबाईलवर लिहून होतात.

अ‍ॅडसेन्सबाबत गावाकडच्या तीन अडचणी सांगून ठेवतो. एक, खाते १८ वर्षांखालच्या मुलाच्या नावाने निघत नाही. दोन, खात्यावर १० डॉलर जमले की पत्ता तपासण्यासाठी गूगल साध्या टपालाने एक आकडा पाठविते आणि तो चार महिन्यांत भरावा लागतो, नाही तर जाहिराती थांबतात. आपण बहुतेक वस्तीवर राहतो. म्हणून पत्त्यात वस्ती, गाव, पोस्ट, तालुका, पिन सर्व काही लिहावे आणि पोस्टमनला सांगून ठेवावे. तीन, आपल्याच पानावरच्या जाहिराती आपण किंवा मित्रमंडळींनी मुद्दाम दाबल्या तर खाते बंद होते. "पोरांनो, रोज दहादा दाबा रे" असे गावच्या ग्रुपवर टाकणारा स्वतःच्याच पायावर कुऱ्हाड मारून घेतो.

यंत्र लिहू लागले, तेव्हापासून

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले आणि या धंद्याचे गणितच बदलले. त्याआधी "ऊस लागवड कशी करावी", "हळदीचे दहा फायदे" असे लेख शब्दावर पैसे घेऊन लिहून देणारे पुष्कळ होते. आता तसा मजकूर यंत्र मिनिटभरात आणि जवळजवळ फुकट देते. साहजिकच त्या कामाचा भाव पडला. यंत्राकडून शेकडो लेख काढून संकेतस्थळ भरावे, अशीही शक्कल काहींनी लढविली. मार्च २०२४ मध्ये गूगलने नियम केला की केवळ शोधात वर येण्यासाठी घाऊक मजकूर तयार केला असेल, मग तो माणसाने केलेला असो वा यंत्राने, तर अशी पाने शोधातून खाली ढकलली किंवा काढली जातील. शिवाय हल्ली शोधाच्या पानावरच यंत्राने तयार केलेले उत्तर वर दिसते, त्यामुळे वाचक मूळ लेखापर्यंत येतोच असे नाही.

यंत्राला नावे ठेवण्याचा आमचा उद्देश नाही. बारामतीच्या अ‍ॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने उसाच्या शेतीत कृत्रिम बुद्धिमत्तेचा वापर सुरू केला आहे आणि आपले काही शेतकरी त्यात सामील आहेत, हे आपण जाणताच. शुद्धलेखन तपासायला, इंग्रजीचा अर्थ लावायला यंत्राची मदत जरूर घ्यावी. सांगायचे ते एवढेच की जे यंत्राला येते ते विकत घ्यायला आता कोणी येणार नाही.

आपल्याजवळ विकण्यासारखे काय आहे?

मग काय उरते? यंत्राने जे पाहिले नाही ते उरते. उसाची किंमत टनेजबरोबर उताऱ्यावरही ठरते. लेखाची तर उताऱ्यावरच ठरते. पाने किती भरली याला महत्त्व नाही, रसात साखर किती हे पाहिले जाते.

उदाहरण देतो. "हुमणीचा वेळीच बंदोबस्त करावा" हे वाक्य कोणीही लिहील. पण वळवाचा पहिला मोठा पाऊस झाल्यावर संध्याकाळी कडुनिंबावर आणि बाभळीवर भुंगेरे जमतात, ते आपण किती दिवस फांद्या हलवून गोळा केले, रॉकेल मिसळलेल्या पाण्यात टाकून मारले, शेजारच्या चार जणांनी केले नाही तेव्हा काय झाले, मजुरी किती गेली, पुढच्या वर्षी किती फरक पडला, हे ज्याने केले तोच लिहू शकतो. असा लेख सांगलीचा शेतकरी वाचेल, नगरचा वाचेल, आणि जपून ठेवील.

तसेच वाणांचे. पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राची माहिती सर्वत्र मिळते. फुले २६५ क्षारपड जमिनीत तग धरतो हेही सर्वत्र लिहिलेले आहे. परंतु नीरा डाव्या कालव्याखाली चोपण झालेल्या तुमच्याच गटात त्याचा दुसरा खोडवा कसा आला, हे कुठेच लिहिलेले नाही. निमगाव केतकीच्या पानमळ्यात शेवरीच्या आधाराने वेल कसा चढवितात, तेल्या आल्यावर डाळिंबाची बाग काढायचा निर्णय कोणत्या दिवशी आणि का घेतला, हे त्या त्या घरातच ठाऊक आहे.

शेतीबाहेरही विषय आहेत. उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले आणि इंदापूर तालुक्यातली किती तरी गावे उठली. पाणी खाली गेले की पळसदेवचे जुने मंदिर उघडे पडते आणि ते पाहायला लोक लांबून येतात. त्या पाण्याखालच्या गावात जन्मलेली माणसे आज सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. त्यांच्याजवळ बसून लिहून घ्यायला आता फार वर्षे उरलेली नाहीत. कुंभारगावचे नावाडी रोहित पक्षी कोणत्या महिन्यात कुठल्या पाणथळीला उतरतात हे बोटावर सांगतात. ते लिहिले तर वाचणारा तर मिळेलच, वर नावेला गिऱ्हाईकही मिळेल. पुष्कळदा लेखाची कमाई लेखातून येत नाही, लेखामुळे चालणाऱ्या धंद्यातून येते. रोपवाटिका असलेल्या घराने रोपांवर लिहावे, गूळ करणाऱ्याने गुळावर लिहावे. रोपे आणि गूळ विकले गेले की लेखाचे पैसे वसूल.

मराठीतून इंटरनेटवर शेतीची माहिती देण्याचे कामही आपल्या भागात आधी झालेले आहे. मुंबईच्या आयआयटीने दोन दशकांपूर्वी 'आक्वा' नावाची प्रश्नोत्तरांची सोय काढली, तेव्हा बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्राचे तज्ज्ञ शेतकऱ्यांच्या प्रश्नांना मराठीतून उत्तरे देत होते. वाचणारा तेव्हाही होता. तो नेमके उत्तर शोधत होता, आजही तेच शोधतो.

आधी पैसे मागणारा

आता सगळ्यात महत्त्वाचे. हा भाग घरातल्या सर्वांना वाचून दाखवावा, ही विनंती.

"घरबसल्या टायपिंग करा, पानामागे पैसे मिळवा" अशा जाहिरातींची एक ठरलेली रीत आहे. प्रथम नोंदणी फी म्हणून हजार-दोन हजार मागतात. मग शेकडो पाने चार-पाच दिवसांत उतरवून द्यायला सांगतात. ते दिले की "चुका फार आहेत, करार मोडला" म्हणून कळवितात. नंतर वकिलाच्या नावाची नोटीस मोबाईलवर येते : दंड भरा, नाही तर कोर्टात खेचू. पोर घाबरते, घरात सांगत नाही, आणि कुणाकुणाकडून उसने घेऊन पैसे भरत जाते. अशा नोटिशीला घाबरून एक रुपयाही भरू नये. ती नोटीस घेऊन ओळखीच्या वकिलाकडे किंवा सरळ पोलीस ठाण्यात जावे.

दुसरी रीत व्हॉट्सअ‍ॅप आणि टेलिग्रामवरची. दोन ओळींचे अभिप्राय लिहिण्याचे काम देतात आणि पहिल्या दिवशी शे-दोनशे रुपये खरोखर खात्यावर टाकतात. विश्वास बसला की "मोठे काम हवे तर अनामत भरा" सुरू होते. पडद्यावर तुमची कमाई लाखात दिसते, काढायला गेले की आणखी भरा म्हणतात. उसाचे बिल नुकतेच जमा झालेले असते, मोबाईलवर बँक चालू असते, आणि अठरा महिन्यांचे पीक एका दुपारी जाते.

तिसरी रीत त्याहून वाईट. "कंपनीचे पैसे तुमच्या खात्यावर येतील, तुम्ही पुढे पाठवा, कमिशन घ्या" असे सांगतात. ते दुसऱ्या कोणाला तरी फसवून काढलेले पैसे असतात. तपास सुरू झाला की खाते गोठते आणि पोलीस तुमच्या दारात येतात. खाते, एटीएम कार्ड, सिमकार्ड कोणालाही वापरायला देऊ नये, भावकीतल्यालाही नाही.

नियम एकच पाठ करावा. कारखान्याने ऊस घेताना तुमच्याकडून कधी नोंदणी फी मागून "मग वजन करू" म्हटले आहे का? माल देणाऱ्याने पैसे भरायचे नसतात. लेख विकत घेणारा पैसे देतो, जो मागतो तो खरेदीदार नव्हे.

फसवणूक झालीच तर लाज धरून बसू नये. ताबडतोब १९३० या क्रमांकावर फोन करावा. तक्रार जितकी लवकर होईल तितकी रक्कम मध्येच अडवली जाण्याची शक्यता अधिक. त्यानंतर बँकेला आणि पोलीस ठाण्याला कळवावे. संभाषण आणि पावत्या पुसून टाकू नयेत. आणि घरच्या कर्त्या माणसांनी पोराला आधी शिव्या देऊ नयेत. शिव्यांच्या भीतीनेच पुष्कळ पोरे तक्रारीचे पहिले, मोलाचे तास गमावतात.

बँक, कर आणि हक्क

परदेशातून पैसे येणार असतील तर बँकेचा स्विफ्ट कोड लागतो. पतसंस्थेच्या खात्यावर असे पैसे येत नाहीत. म्हणून खाते निवडण्याआधी बँकेत विचारून घ्यावे. पॅन कार्डावरचे, बँकेतले आणि लेखन खात्यावरचे नाव एकसारखे असावे.

शेतीच्या उत्पन्नाला आयकर नाही, म्हणून लेखनाच्या उत्पन्नालाही नाही, असा समज काहींचा आहे. तो चुकीचा आहे. ऊस या विषयावर लिहिले म्हणून ते शेतीचे उत्पन्न होत नाही. वहीत तारीखवार नोंद ठेवावी आणि रक्कम वाढू लागली की कर सल्लागाराला दाखवावी. पैसे देणाऱ्याने कर कापला असेल तर विवरणपत्र भरून, नियमात बसत असल्यास, तो परत मागता येतो.

लेखाचा हक्कही समजून घ्यावा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लेख लिहिला की त्याचा हक्क लिहिणाऱ्याकडे असतो, आणि तो त्याच्या हयातीत व नंतर ६० वर्षे टिकतो. हा हक्क दुसऱ्याला द्यायचा तर सहीनिशी लेखी द्यावा लागतो. मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षे धरतात. मात्र पगारी नोकरीत कामाचा भाग म्हणून लिहिलेल्या मजकुराचा हक्क, वेगळे ठरले नसल्यास, साधारणतः मालकाकडे जातो. उलट बाजूने, दुसऱ्याचा लेख किंवा फोटो इंटरनेटवरून उचलून आपल्या नावावर खपविणे हा गुन्हा आहे.

कोणी आणि कसे करावे

आमचा सल्ला असा. शेती किंवा अभ्यास सोडून कोणी या मागे लागू नये. रोजचा एक तास, तोही ठरलेल्या वेळी, एवढेच रान या पिकाला द्यावे. प्रथम स्वतःला पुरेपूर ठाऊक असलेला एकच विषय निवडावा. त्यावर दहा लेख लिहून शेजारच्या दोन जाणत्या माणसांना वाचून दाखवावेत. ते "पुढं काय झालं?" असे विचारतात की जांभई देतात, यावरून आपला उतारा कळतो. त्यातला उत्तम लेख आधी छापील कृषी नियतकालिकाकडे पाठवावा. तिथे नाव झाले की गिऱ्हाईकाकडे दर मागायला तोंड राहते. वर्षअखेर वहीतला जमाखर्च काढावा. शिलकीत काही नसले तर वाईट वाटून न घेता थांबावे. नोंदी लिहायची सवय लागली, तिचा उपयोग स्वतःच्या शेतीला होतोच.

ज्या घरात कोणी अशा कामाला लागले असेल, तिथे वडीलधाऱ्यांनी एक प्रश्न रोज विचारावा : "आज कुणी पैसे मागितले का रे?" उत्तर "नाही" असेल तोवर लेखन चालू द्यावे. "हो" आले, की मोबाईल बाजूला ठेवून आधी १९३० लावावा.